नोट आपली नसेल तेव्हा देशाचं कर्ज कसं निस्तरायचं

2015च्या मे महिन्यात मी बँकेतून निवृत्त झाले आणि जूनच्या शेवटी माईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, घेऊन ग्रीस बघायला गेले. नोकरीतली जवळजवळ वीस वर्षं मी ट्रेझरीत काढलेली. सरकारी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाचे कागद, घ्यायचे, विकायचे आणि हिशेब जुळल्याशिवाय लोकल पकडायची नाही. त्यामुळे तिथे काय शिजतंय याचा अंदाज होता. पण सहलीचे पैसे फेब्रुवारीतच भरलेले, आणि "देश बुडायचा तेव्हा बुडेल, पैसे तर आत्ताच बुडतील" म्हणून माईने माझं तोंड बंद केलं.

शनिवारी 27 जूनला अथेन्सला उतरलो. आदल्या रात्री उशिरा पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांनी टीव्हीवर, धनकोंच्या अटी मान्य करायच्या की नाही यावर, सार्वमत जाहीर केलं होतं. हॉटेलच्या कोपऱ्यावर एटीएमपुढे वीसेक माणसं उभी होती, अगदी शांत. एक म्हातारी चाकांच्या भाजीच्या पिशवीवर हात टेकून थांबलेली. तिचा नंबर यायला आणि मशीन रिकामं व्हायला एकच गाठ पडली. ती काही बोलली नाही, पिशवी वळवून पुढच्या चौकाकडे निघाली. रविवारी रात्री घोषणा झाली: उद्यापासून बँका बंद, माणशी दिवसाला 60 युरो. आमची कार्डं भारतातली, त्यांना मर्यादा लागू नव्हती. मी दोनशे युरो काढले तेव्हा मागे उभ्या असलेल्या माणसाकडे मला बघवलं नाही. दोन दिवसांत वीसच्या नोटा संपल्या, मशीन फक्त पन्नासची नोट देऊ लागलं, आणि कागदावरच्या 60चे हातात 50 झाले.

माझा भाचा एमपीएससीचा अभ्यास करतो. "मावशी, अशा देशाचा अर्थमंत्री असतीस तर तू काय केलं असतंस?" असं त्याने मध्यंतरी विचारलं. खाली जे आहे ते त्याला सांगितलेलं, थोडं नीट करून. समजा तुम्ही अर्थमंत्री आहात, कर्ज डोक्यावरून गेलंय, आणि देशाची नोट तुमची एकट्याची नाही, 2015च्या ग्रीससारखी एकोणीस देशांची मिळून आहे.

आधी हे बघा की कुठलं हत्यार नाही

1991च्या जुलैत मी फोर्टमधल्या शाखेत परकीय चलनाच्या खात्यात होते. सोमवारी 1 तारखेला रुपया सुमारे 9 टक्क्यांनी खाली आणला, बुधवारी 3 तारखेला आणखी सुमारे 11 टक्क्यांनी. त्या आठवड्यात टेलेक्स आणि फोन यांनी आमचा जीव खाल्ला. शिवाय सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. नामुष्की होती, पण रुपया आपला होता. तो स्वस्त केला की आपला माल बाहेर स्वस्त होतो, आयात महाग होते, आणि सगळ्या देशाचा पगार एका रात्रीत न सांगता थोडा कमी होतो. कोणाचंही पगारपत्रक उघडावं लागत नाही.

ग्रीसने 340.75 द्राख्मांना (हे त्यांचं जुनं चलन) एक युरो या दराने 2001 मध्ये हे हत्यार कायमचं खाली ठेवलं. द्राख्मा असता तर तो पडला असता आणि पुष्कळसं काम बाजारानेच केलं असतं. युरो एकट्या ग्रीससाठी पडत नाही, म्हणून पगार आणि पेन्शन नावं घेऊन कापावी लागतात. 2012च्या फेब्रुवारीत ग्रीसने किमान वेतन 22 टक्क्यांनी खाली आणलं, पंचविशीच्या आतल्यांचं 32 टक्क्यांनी. चलन घसरलं तर लोक नशिबाला शिव्या देतात, पगार कापला तर तुम्हाला.

गंमत म्हणजे युरोच्या नोटा छापणारा छापखाना खुद्द अथेन्समध्येच आहे. माझ्याकडच्या एका जुन्या नोटेवर क्रमांकाआधी ‘वाय’ होतं, म्हणजे ती ग्रीसच्या वाट्याची. पण किती छापायच्या ते फ्रँकफर्टमधली युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते. छापखाना दाराशी आणि शाई दुसऱ्याच्या ताब्यात!

खरा आकडा पहिल्याच आठवड्यात सांगा

आपल्याकडे म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची. रोखेबाजारात हे चालत नाही. ग्रीसची 2009ची तूट त्या वर्षीच्या वसंतात राष्ट्रीय उत्पन्नाच्या 3.7 टक्के सांगितलेली. ऑक्टोबरात निवडणूक होऊन जॉर्ज पापांद्रेऊ यांचं सरकार आलं आणि ती 12.5 निघाली. पुढे युरोपीय सांख्यिकी कार्यालयाने सगळं तपासलं तेव्हा 15च्या वर गेली. युरोचा नियम 3 टक्क्यांचा.

डीलरच्या खुर्चीतून सांगते, 15 टक्के तूट बघून मी रोखा विकला असता, पण थोडा. दोनदा बदललेला आकडा बघून मी सगळाच विकते, कारण चौथा काय असेल ते मला माहीत नसतं. म्हणून नव्या मंत्र्याने पहिल्या आठवड्यात बाहेरचे हिशेबनीस बोलावून सगळ्या वह्या उघडाव्यात: सरकारी कंपन्यांची कर्जं, इस्पितळांची थकलेली बिलं, सरकारने हमी दिलेली कर्जं, चलन-अदलाबदलीचे जुने करार. आणि जो आकडा निघेल तो एकदाच सांगावा, वाटल्यास थोडा वाढवूनच.

रोख्याची पाठ वाचा

आता माझ्या आवडीचा भाग. कर्ज ‘किती’ याच्याइतकंच ‘कसलं’ हे महत्त्वाचं असतं. एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येक रोख्यापुढे चार गोष्टी लिहा: परतफेड कधी, कोणाकडे आहे, व्याज किती, आणि भांडण झालं तर कुठल्या देशाचा कायदा लागू. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि तो कोणी वाचत नाही.

ग्रीसचे 85 टक्क्यांहून जास्त रोखे ग्रीक कायद्याखाली काढलेले होते. म्हणजे ग्रीक संसद ते नियम बदलू शकत होती, आणि 2012च्या फेब्रुवारीत तिने बदलले: ठरावीक बहुमताने धनको कपातीला तयार झाले की ती उरलेल्यांवरही बंधनकारक. मार्चमध्ये सुमारे 200 अब्ज युरोंच्या रोख्यांवर दर्शनी किमतीच्या 53.5 टक्क्यांची कपात झाली आणि शंभराच्या नोटेसारखा कागद साडेशेहेचाळीसचा झाला. ज्यांच्या रोख्यावर इंग्लंडचा कायदा लिहिलेला होता त्यांतले काही अडून बसले. मे महिन्यात असाच 435 दशलक्षांचा एक रोखा मुदतीला आला तेव्हा सरकारने तो मुकाट्याने पूर्ण फेडला. त्या बारीक अक्षरातल्या एका ओळीची किंमत अर्ध्याहून जास्त मुद्दल!

तेव्हा आपल्या कायद्याखालचे रोखे हे तुमच्या हातातलं एकमेव देशी हत्यार समजा. घाबरून नवीन कर्ज परदेशी कायद्याखाली काढू नका. धनको तेच मागतील.

कपात करायचीच असेल तर पहिल्या वर्षी

इथे माझं मत ठाम आहे आणि ट्रेझरीतल्या माझ्या जुन्या साहेबांशी त्यावरून माझं अजून वाजतं.

23 एप्रिल 2010ला पापांद्रेऊ यांनी कास्तेलोरिझो नावाच्या चिमुकल्या बेटावरून, मागे निळंशार बंदर ठेवून, मदत मागितली. 2 मेला 110 अब्ज युरोंचं कर्ज ठरलं: 80 युरो गटाच्या देशांचे, 30 आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. त्या पैशांचं काय झालं? बराचसा जुने रोखे मुदतीला येतील तसे फेडण्यात गेला. तेव्हा ते रोखे फ्रेंच आणि जर्मन बँकांच्या कपाटांत ढिगाने होते. कपात 2010 मध्ये केली असती तर तोटा त्या बँकांना झाला असता, आणि 2008चं जागतिक बँकसंकट नुकतंच होऊन गेलेलं असल्याने कोणाची छाती होईना. मग दोन वर्षं गेली. ज्यांना निसटायचं होतं ते निसटले, त्यांच्या जागी युरोपचे करदाते धनको म्हणून येऊन बसले.

2012 मध्ये कपात झाली तेव्हा उरलं कोण होतं? मोठा वाटा ग्रीसच्याच बँकांचा आणि ग्रीसच्याच पेन्शन फंडांचा. बँका बुडू नयेत म्हणून त्यांच्यात भांडवल घालायला नव्या कर्जातले 50 अब्ज राखून ठेवावे लागले. सायप्रसच्या बँकांना 4 अब्जांहून जास्त खड्डा पडला आणि वर्षभरात तो देशही झोळी घेऊन उभा राहिला. युरोपीय मध्यवर्ती बँकेने आपल्याकडच्या ग्रीक रोख्यांना हात लावू दिला नाही. बैल गेला आणि झोपा केला, तोही शेजाऱ्याच्या बैलासाठी.

साहेब म्हणतात, 2010 मध्ये कपात केली असती तर इटली-स्पेनपर्यंत आग गेली असती. गेलीच की! 2011च्या नोव्हेंबरात इटलीच्या दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा 7 टक्क्यांवर गेला आणि बर्लुस्कोनी यांना जावं लागलं. तोटा झालेलाच असतो, तो कोणाच्या वहीत लिहायचा एवढंच बाकी असतं. तुमच्या बाजूचे लोक तो उशिरा लिहू पाहतील. तुम्ही लवकर लिहा.

खर्च कापताना छेदाकडे बघा

कर्जाचं ओझं मोजतात ते कर्ज भागिले राष्ट्रीय उत्पन्न असं. सगळे वरचा आकडा बघतात. पाटीवर करून बघा: उत्पन्न 100, कर्ज 130, म्हणजे 130 टक्के. आता एक युरोही नवा न काढता उत्पन्न 75 वर आलं तर? 173 टक्के. ग्रीसचं उत्पन्न 2008 ते 2013 या काळात खरोखरच सुमारे चतुर्थांशाने आटलं. बेकारी 27 टक्क्यांच्या पुढे गेली. कर्जात एवढी मोठी कपात होऊनही 2013 मध्ये कर्जाचं प्रमाण पुन्हा 175च्या वर होतं.

हिशेब चुकला कुठे? एक युरो खर्च कापला तर उत्पन्न साधारण अर्ध्या युरोने घटेल असं धरून चाललं होतं. 2012च्या ऑक्टोबरात नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनीच आकडेमोड करून दाखवलं की मंदीच्या या वर्षांत हा गुणक 0.9 ते 1.7 होता. म्हणजे युरो कापला की जवळजवळ एक ते पावणेदोन युरोंचं गिऱ्हाईक नाहीसं होत होतं. घरातल्या काटकसरीचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो. मी चहा सोडला तर टपरीवाल्याचा धंदा बसत नाही, सरकारने सोडला तर बसतो, आणि मग टपरीवाला कर भरत नाही.

म्हणून कापा, पण सावकाश, आणि आधी ते कापा ज्याने बाजारातली मागणी कमीत कमी पडेल. कर न भरणाऱ्या श्रीमंतांकडून वसुली ही कागदावर पहिली आणि प्रत्यक्षात शेवटची पायरी असते, हे धरून चाला. सरकारी मालमत्ता विकून येणाऱ्या पैशावर अंदाजपत्रक उभं करू नका. ग्रीसने 2011 मध्ये चार वर्षांत 50 अब्ज आणायचं ठरवलं होतं, मुदत संपली तेव्हा हाती त्यातले मोजकेच अब्ज आले होते. पडत्या बाजारात घर काढलं की दलाल तेवढे भेटतात.

नळ कोणाच्या हातात आहे

भाच्याला मी सांगितलं, बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस.

लोकांना वाटतं देश बुडतो तो कर्जाचा हप्ता चुकल्याने. सामायिक चलनात देशाचा गळा आधी बँकांतून आवळला जातो. धास्तावलेले ठेवीदार पैसे काढून नेतात. ग्रीसच्या बँकांत 2009च्या अखेरीस 230 अब्जांहून जास्त ठेवी होत्या, 2015च्या उन्हाळ्यात 120च्या आसपास उरल्या. जाणारी रोकड भरून काढायला देशाची मध्यवर्ती बँक स्वतःच्या जोखमीवर बँकांना आणीबाणीचं कर्ज देते. पण फ्रँकफर्टच्या नियामक मंडळाने दोन तृतीयांश मतांनी नाही म्हटलं की ते थांबतं.

आणि हा नळ वापरला गेलाय. 19 नोव्हेंबर 2010ला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद त्रिशे यांनी आयर्लंडचे अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांना पत्र लिहिलं: मदतीचा अर्ज करा, नाहीतर बँकांना पुढचं कर्ज नाही. दोन दिवसांत अर्ज गेला. सायप्रसला 21 मार्च 2013ला सांगितलं, सोमवारपर्यंत करार नसेल तर बंद. सोमवारी करार झाला. ग्रीसच्या वेळी, म्हणजे आम्ही तिथे असताना, रविवारी 28 जूनला नळ पूर्ण बंद केला नाही, फक्त जिथे होता तिथे थांबवला. तेवढ्यानेच दुसऱ्या दिवशी बँकांना कुलूप लागलं.

यावरून मंत्र्याने तीन कामं करायची. एक, वाटाघाटीला बसण्याआधीच बँकांवरच्या निर्बंधांचा मसुदा तयार ठेवायचा: रोज किती, परदेशी पैसे पाठवायला परवानगी कोणाची, औषधांच्या आयातीला सूट कशी. दोन, बॉम्ब टाकायचाच असेल तर निर्बंध त्याच रात्री लावायचे. त्सिप्रास यांनी शुक्रवारी रात्री सार्वमत जाहीर केलं आणि निर्बंध सोमवारी आले. मधल्या शनिवार-रविवारी जो चपळ त्याचे पैसे निघाले, म्हाताऱ्यांचे राहिले. तीन, ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचा विचार पहिल्या दिवशी करायचा. आमच्या गाइडचे वडील पेन्शनर, आयुष्यात एटीएम वापरलेलं नाही. बुधवारपासून काही शाखा फक्त अशा लोकांसाठी उघडल्या, 120 युरोंपर्यंत, आणि आडनावाच्या अक्षरानुसार दिवस वाटून दिलेले. त्यांचं आडनाव ‘पी’वरून, म्हणजे शुक्रवार. "या वयात शाळेतल्यासारखं हजेरीपटावर उभं केलं," असं ते म्हणाल्याचं तिने आम्हाला हसतच सांगितलं. मग गॉगल लावून घेतला. त्या आठवड्यात बस आणि मेट्रो फुकट होत्या. माई दोन वेळा उगीचच मेट्रोत बसून आली.

तिजोरीचा तळ खरवडणं

हप्त्यांचे दिवस पुढे ढकलायच्या युक्त्या असतात, आणि त्या कामाला येतात, पण त्यांनी आठवडे मिळतात, वर्षं नाही. 2015च्या मे महिन्यात नाणेनिधीचा सुमारे 750 दशलक्ष युरोंचा हप्ता होता. ग्रीसने तो बराचसा नाणेनिधीतच असलेल्या स्वतःच्या राखीव खात्यातून भरला. म्हणजे सावकाराकडेच ठेवलेल्या ठेवीतून सावकाराचा हप्ता. जूनचे चार हप्ते एकत्र करून महिनाअखेरीला नेले. नगरपालिकांची शिल्लक मध्यवर्ती बँकेत गोळा केली. ट्रेझरीतली माणूस म्हणून मला या कारागिरीचं कौतुक वाटतं. पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. 30 जूनला हप्ता चुकलाच.

मागायचं काय

समोरच्या मंत्र्यालाही संसद असते. जर्मन संसदेत ‘मुद्दल सोडलं’ हे शब्द उच्चारता येत नाहीत, ‘मुदत वाढवली’ हे येतात. म्हणून एकदा धनको सरकारं असली की मुद्दलासाठी डोकं फोडू नका, वर्षं मागा. 2012च्या नोव्हेंबरात ग्रीसला युरोपीय निधीच्या कर्जावर पंधरा वर्षांची वाढ आणि दहा वर्षं व्याज पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, 2018 मध्ये आणखी दहा वर्षं. आजचा युरो तीस वर्षांनी द्यायचा म्हणजे गुपचूप केलेली कपातच असते, आणि दोघांनाही घरी जाऊन जिंकल्याचं सांगता येतं.

सार्वमत हे वाटाघाटीचं हत्यार होत नाही. 5 जुलैला 61 टक्क्यांनी ‘ओही’, म्हणजे नाही, म्हटलं. 13 जुलैला सकाळी, सतरा तासांच्या बैठकीनंतर, त्सिप्रास यांनी त्याहून कडक अटी मान्य केल्या. तुमच्याकडे एक कोटी मतदार, समोर अठरा देशांचे मतदार, आणि नळ त्यांच्या बाजूला.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्यासारख्यांच्या भरवशावरही राहू नका. 26 जुलै 2012ला लंडनमध्ये त्यांनी युरो टिकवायला लागेल ते करू म्हटलं आणि स्पेन-इटलीचे व्याजदर उतरले. त्यासाठी जाहीर केलेल्या रोखेखरेदीच्या योजनेत एक युरोही खर्च झाला नाही. माझ्या साऱ्या नोकरीत मी एवढं स्वस्त वाक्य ऐकलेलं नाही. पण ते मोठ्या देशांसाठी होतं, ग्रीस त्यात बसला नाही.

भाच्याने मध्येच विचारलं, "मग महाराष्ट्र तरी कुठे स्वतःची नोट छापतो?" बरोबर आहे. पण मुंबईतली बँक हलली तर ठेवीच्या पाच लाखांपर्यंतचा विमा अखिल भारतीय आहे, ठाण्यातल्या रेल्वे पेन्शनरचे पैसे दिल्लीहून येतात, आणि केंद्राचं कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. युरोपात नोट एक झाली, ठेवींचा विमा अजून ज्याचा त्याचा.

बाहेर पडताना

20 ऑगस्ट 2018ला ग्रीसचा मदतकर्जाचा तिसरा कार्यक्रम संपला. बाहेर पडताना त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: सुमारे 24 अब्ज युरोंची रोकड बाजूला ठेवली, म्हणजे बाजाराने तोंड फिरवलं तरी पुढची दोनेक वर्षं हप्ते भरता येतील. नाणेनिधीचं कर्ज 2022 मध्ये मुदतीआधी फेडलं. तुम्हीही बाजारात पहिला रोखा काढाल तेव्हा पैशांची गरज नसताना काढा. गरजूला दर महाग पडतो हे आमच्या काउंटरवरचा शिपाईसुद्धा जाणायचा.

पैशांच्या हालचालीवरचे निर्बंध पूर्ण उठायला मात्र 1 सप्टेंबर 2019 उजाडला. तीन आठवड्यांसाठी बँका बंद ठेवल्या होत्या, आणि त्याची शेपटी चार वर्षं पुरली. निर्बंध लावायचा मसुदा कराल तेव्हा ते उठवायच्या तारखांचा कागदही त्यालाच टाचून ठेवा.